मी वाढते, तू वाढ

"हलू नकोस गं! तू हललीस तर माप चुकेल, माप चुकलं तर कापड वाया जाईल, आणि कापड वाया गेलं तर आजोबा मला हँगरला टांगतील!" इंची ओरडली.

"मी कुठे हलतेय? तुझा टेपच गुदगुल्या करतोय!" टिंगू भिंतीला पाठ लावून, टाचा जुळवून, श्वास रोखून उभी होती.

इंचीने स्टुलावर चढून टिंगूच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली, भिंतीवर खडूने रेघ मारली, खाली टेप सोडला आणि तिचे डोळेच मोठे झाले!

"साठ आणि पाव! टिंगू, साठ आणि पाव इंच! गेल्या वर्षी तू छप्पन होतीस! अगं, मुलगी आहेस की बांबू?"

"का?" खालून आवाज आला. "का वाढली ती एवढी?"

हा काका. म्हणजे कुणाचा काका वगैरे नाही हं! इंचीचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ. दिवसभर 'का? का?' करत फिरतो, म्हणून काका. इंची म्हणजे टेलर मास्तरांची नात. गळ्यात मापाचा टेप घालूनच जन्माला आली असावी. आणि टिंगू म्हणजे वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. निदान चौदा महिन्यांपूर्वी तरी होती! टिंगू हे नाव तिला आईने ठेवलं होतं, आणि ते बदलायची कुणाची हिंमत नव्हती.

कारण आई घरी नव्हती. टिंगूची आई अंतराळवीर होती. चौदा महिने झाले, ती आपल्या डोक्यावर चारशे किलोमीटर उंच, एका अवकाशस्थानकात बसून पृथ्वीला गरागरा फेऱ्या मारत होती.

पण 'आई वर गेली' असं म्हणायचं नाही, हा तिघांच्या टोळीचा कडक नियम होता. पहिल्याच आठवड्यात काकाने शाळेत नव्या बाईंना सांगून टाकलं होतं, "बाई, टिंगूची आई वर गेली!" आणि बाईंनी टिंगूला पोटाशी धरून असं रडायला घेतलं, की शेवटी टिंगूलाच त्यांची समजूत काढावी लागली! तेव्हापासून सगळे म्हणायचे, "आई कामावर गेलीये."

गेली होती सहा महिन्यांसाठी. मग तिला आणायला निघालेलं यान बिघडलं, आणि सहाचे चौदा झाले. पण आता? आता फक्त एकोणीस दिवस! एकोणीस दिवसांनी आई खाली येणार होती. जाताना तिने कबूलच केलं होतं, "यानाचं दार उघडलं रे उघडलं, की मी धावत येईन तुझ्याकडे. तू जागेवरून हलायचं नाहीस. धावायचं मी!"

आणि म्हणूनच तर आज सुट्टीची सकाळ झोपेत न घालवता तिघं मास्तरांच्या दुकानात हजर होती. गुप्त बेत होता. आईसाठी निळा कोट शिवायचा! टिंगूने जमवलेलं कापड, इंचीची शिलाई आणि काकाची बटणं. मायलेकींचे एकसारखे दोन कोट. मास्तर कोपऱ्यातल्या मशीनवर मान खाली घालून बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात टाचण्या. त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता.

"आता काकूंचं माप," म्हणत इंचीने जाडजूड मापवही खाली ओढली. गावातल्या झाडून सगळ्या माणसांची मापं त्या वहीत होती. "हं, सापडलं! उंची एकसष्ट. खांदा चौदा. बाही उजवी साडेएकवीस, डावी एकवीस."

"का?" काका लगेच. "दोन हात वेगळे का?"

"कारण ती नऊ वर्षांची असताना झाडावरून पडली," टिंगू म्हणाली. "डावा हात कोपराजवळ मोडला. तेव्हापासून तो हात जरा मागेच राहिला. वाढायचा तेवढा वाढलाच नाही. आई त्याला म्हणते, माझा धाकटा हात!"

हे सांगताना टिंगू हसत होती. मग एकदम थांबली.

"पण इंची, हे माप जुनं झालं. आई आता उंच झालीये! वर माणसाला वजन नसतं ना, मग पाठीचा कणा सैल होऊन लांबतो. तिनेच सांगितलं होतं. दोन इंच वाढली ती!"

"आणि खाली आल्यावर?"

"परत आखडते म्हणे."

"मग कोट कुठल्या मापाचा शिवायचा? आखडायच्या आधीचा की नंतरचा?" इंचीने कपाळाला हात लावला. "बघू तरी दे आत्ता केवढी दिसते ती."

टिंगूने पिशवीतून टॅबलेट काढला. दर रविवारी आईचा निरोप त्यावर यायचा. समोरच्या अवकाश केंद्रातले टायवाले साहेब तो पाठवायचे. गेल्या रविवारचा टिंगूने तीनदा पाहिला होता. पण रडत रडत पाहिलेलं आणि नीट पाहिलेलं यात फरक असतो!

पडद्यावर आई हसली. गोल गुबगुबीत चेहरा. केस चहूबाजूंनी उभे.

"काय गं टिंगू! जेवलीस का? घरी मी तुला म्हणायचे ना, मी वाढते, तू वाढ! इथे सगळंच उलटं झालंय बघ. वाढायला ताटच नाही, आणि वाढतेय मी! तू माझ्या डोळ्यांच्या वर आलीस का गं अजून?"

'मी वाढते, तू वाढ.' हे आईचं रोजचं वाक्य. हातात डाव घेऊन ताटात पदार्थ वाढताना म्हणायची. टिंगू नको नको म्हणायची आणि आई एक डाव जास्तच घालायची.

"थांब!" इंची किंचाळली. "मागे घे! तिच्या मागची ती पांढरी पट्टी बघ!"

आईच्या मागे कपाटाच्या दारावर एक पट्टी चिकटवलेली होती. आई दर आठवड्याला त्या पट्टीला पाठ लावून स्वतःची उंची पेनाने टिपायची. टिंगूच्या वाढदिवसाच्या निरोपात तिने ती कौतुकाने दाखवली होती. पाच खुणा, एकीवर एक!

"आता किती खुणा आहेत? मोज!"

टिंगूने मोजलं. परत मोजलं. "एक."

"पाचाची एक कशी होईल?"

"पुसल्या असतील," टिंगू म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता.

"आणि 'डोळ्यांच्या वर आलीस का' असं का विचारलं तिने?" काका म्हणाला. "तू तिच्या कपाळापर्यंत पोचलीस, हे तर तू सहा महिन्यांपूर्वीच तिला कळवलंस. आणि चेहरा एवढा सुजलेला का? तूच सांगितलंस ना, वर गेल्यावर पहिले काही आठवडे अंगातलं पाणी तोंडाकडे चढतं आणि मग उतरतं?"

कोपऱ्यातलं मशीन खटखट करत होतं.

"हा निरोप जुना आहे," टिंगू हळूच म्हणाली. "पहिल्या महिन्यातला. तिनेच सांगितलं होतं, कधी संपर्क तुटला तर म्हणून जादाचे निरोप भरून ठेवलेत. ते आता दाखवतायत. नवा म्हणून! का?"

आज पहिल्यांदाच काकाचा 'का' टिंगूच्या तोंडून आला. आणि काकाने, बिचाऱ्याने, मनात आलं ते बोलून टाकलं.

"टिंगू... आई खरंच वर गेली का गं?"

"काका!!" इंचीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण शब्द सुटला तो सुटलाच. टिंगू कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. तिला एकदम सगळं आठवायला लागलं. गेले तीन आठवडे बाबा धड जेवत नाहीत. केंद्रात विजेचं काम करतात, रोज दुपारचा डबा नेतात, पण हल्ली दोन डबे नेतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "काम वाढलंय." आणि रविवारी निरोप सुरू झाला की उठून मोरीत जातात आणि नळ सोडून ठेवतात.

"मी बाबांना विचारते," टिंगू उठली आणि परत बसली. "नको. बाबा 'हो' म्हणाले तर?"

इंचीला काय करावं सुचेना. काही सुचलं नाही की ती हातातली वस्तू आवरायला लागते. तिने मापवही मिटायला घेतली, आणि आईच्या पानातून एक घडी केलेली चिठ्ठी टपकन खाली पडली!

केंद्राचा शिक्का. खाली छापील अक्षरं:

'आरोग्य विभाग, खोली सात. समोरून बंद असलेले सहा सैल गाऊन. रुग्ण: स्त्री. उंची (झोपवून) साठ. कंबर तेवीस. पोटरी साडेनऊ. बाही उजवी साडेएकवीस, डावी एकवीस. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचवणे. रुग्णाला चार वाजता बाहेरगावच्या रुग्णालयात हलवायचे आहे.'

नाव कुठेच नव्हतं!

"पोटरी साडेनऊ?" इंची पुटपुटली. "अगं, माझी अकरा आहे! कोण ही काडी?"

पण टिंगूचं बोट वेगळ्याच ओळीवर होतं. "इंची. बाही वाच. मोठ्याने वाच."

"उजवी साडेएकवीस. डावी..." इंचीने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "डावी एकवीस!"

"कणा लांबतो, आखडतो," टिंगू भराभर बोलायला लागली, "कंबर बारीक होते, पोटऱ्या वाळतात, पण मोठ्या माणसाच्या हाताचं हाड काही लांबत नाही की आखूड होत नाही! हा धाकटा हात आहे! ती जिवंत आहे! ती खाली आलीये! ती रस्त्याच्या पलीकडे आहे!"

"आज वार काय?" काका ओरडला.

"शुक्रवार!!"

आणि तेवढ्यात कोपऱ्यातलं मशीन थांबलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"पोरांनो," ते खाकरून म्हणाले, "आज माझा गुडघा फार धरलाय. ते सहा गाऊन तेवढे समोर नेऊन देता का? बारा वाजायच्या आत. आणि हो, ट्रायल घेतल्याशिवाय कपडा सोडायचा नाही. आपल्या दुकानाचा नियम आहे."

असा काही नियम दुकानात नव्हता! पण विचारायला वेळ कुणाला होता?

दुकानासमोरची लाल टपालपेटी, मग रस्ता, मग केंद्राचं फाटक. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मास्तरांचा गठ्ठा ओळखला आणि सोडलं. आतल्या लांब, चकाचक व्हरांड्यात औषधाचा वास येत होता. आणि खोली सहाच्या बाहेरच समोरून आले टायवाले साहेब!

याच साहेबांनी आई निघाली त्या दिवशी टिंगूला उचलून घेतलं होतं. आता ओळखणार! संपलं सगळं!

साहेबांनी तिघांकडे पाहिलं. टिंगूकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि म्हणाले, "कपडे ना? ठेवा इथे आणि पळा."

ओळखलंच नाही! त्यांच्या डोक्यातली टिंगू अजून छप्पन इंचांची, दोन वेण्यांची होती. ही साठ आणि पाव इंचांची, कापलेल्या केसांची मुलगी त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. चौदा महिन्यांत टिंगूला वाढण्याचं एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं. मनात आलं, यांनी नाही ओळखलं, तर आई तरी ओळखेल का?

"ट्रायल घ्यावी लागेल," इंची गळ्यातला टेप सावरत म्हणाली.

"माप दिलंय की!"

"दिलंय, पण चुकलंय साहेब. दोन बाह्या वेगवेगळ्या लिहिल्यात. असं माणूस असतं का कुठे? तुम्ही 'माप बरोबर आहे' असं लिहून सही करून द्या, आम्ही निघालो. उद्या कपडा बिघडला तर जबाबदारी तुमची!"

'सही' आणि 'जबाबदारी' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकताच साहेबांचा हात टायच्या गाठीकडे गेला. "मी? मी कशाला सही... बरं, एकीनेच जायचं. पाच मिनिटं. आणि आतल्या बाईंशी गप्पा मारायच्या नाहीत."

इंचीने क्षणात टेप काढून टिंगूच्या गळ्यात घातला. "जा. ही आमची मदतनीस. माप छान घेते."

टिंगू दाराशी गेली. मागे काकाने साहेबांचा ताबा घेतला होता.

"साहेब, तुम्ही टाय का घालता?"

"अरे, ऑफिसात घालावा लागतो."

"का?"

"नियम आहे."

"नियम का आहे?"

टिंगूने दार लोटलं.

खोलीत ऊन होतं. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बाई पाठमोरी बसली होती. पांढरेशुभ्र आखूड केस. मान एका बाजूला कललेली. मांडीवर शाल, आणि शालीखाली पाय आहेत की नाहीत कळू नये इतके बारीक. आई कुठेच नव्हती.

"माफ करा, आजी," टिंगू म्हणाली. "चुकून आले. मला वाटलं इथे..."

बाई वळली नाही. तिचे खांदे मात्र एकदम आखडले. मग ती मुद्दाम बदललेल्या आवाजात म्हणाली, "माप घ्यायला आलीस ना? घे."

तिने दोन्ही हात बाजूला पसरले.

टिंगू पुढे गेली. काय करावं ते न कळून तिने उजव्या खांद्याला टेप लावला. मनगटापर्यंत नेला. साडेएकवीस. मग डाव्या खांद्याला. मनगटाशी बोट आलं आणि थांबलं.

एकवीस.

टेप हातातून गळून पडला.

"आजी नाही गं," बाई म्हणाली. आता तिने तोंड वळवलं होतं. गालांची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. पण डोळे तेच! "आजी नाही. टिंगू..."

टिंगूला वाटलं होतं, आपण धावत जाऊ, गळ्यात पडू. तसं काहीच झालं नाही. ती भिंतीपर्यंत मागे सरकली. "तू केव्हापासून इथे आहेस?"

"तेवीस दिवस."

"तेवीस दिवस! मी रोज त्या टपालपेटीपाशी खेळते! इथून दिसत असेन मी तुला!"

"दिसतेस ना. दिवसभर बघते. ती पेटी आता तुझ्या खांद्याला लागते." आईने खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं. तिथे साबणाच्या वडीने एक छोटी रेघ काढलेली होती. "मी जाताना ती तुझ्या कानाला लागायची."

"मग हाक का नाही मारलीस? खोटे निरोप का दाखवलेस? मला... मला वाटलं, तू वर गेलीस!" आणि मग टिंगू रडली. अशी रडली की हुंदक्यांनी तिला बोलताच येईना. आई खुर्चीतून उठायला बघत होती आणि तिला उठता येत नव्हतं. शेवटी टिंगूच गेली. आईच्या मांडीवर डोकं ठेवायला गेली, तर आई कळवळली. "हळू, सोन्या. हाडं ठिसूळ झालीत."

मग आईने सगळं सांगितलं. थांबत थांबत, दम खात.

"हाडांना वजन पेलायची सवय असते. वर वजनच नाही. मग ती म्हणतात, आपलं इथे काय काम? आणि झिजायला लागतात. रोज दोन तास व्यायाम केला तर थोडं ऐकतात. पण पाचव्या महिन्यात आमचं व्यायामाचं यंत्रच मोडलं. खाली दहा-बारा वर्षांत जेवढी हाडं म्हातारी होतात, तेवढी माझी एका वर्षात झाली. ठरलेल्या दिवसाच्या आधीच आणलं मला. उतरताना आदळलो. पाठीचा एक मणका दबला. एक इंच कमी झाले मी."

"आणि केस?"

आई रडता रडता एकदम हसली. "केसांचा अवकाशाशी काही संबंध नाही! ते कधीचेच पांढरे होते गं. वर कलप मिळत नव्हता, एवढंच!"

टिंगूलाही हसू आलं. आणि त्या हसण्यामागोमाग पुन्हा रडू आलं.

"मी तुला सांगून गेले होते, धावत येईन. इथल्या लोकांना वाटलं, महिन्याभरात उभी राहीन. मीच म्हटलं, तोवर तिला जुने निरोप दाखवा. तिने मला असं बघायला नको. बाबांच्या फार मनाविरुद्ध होतं. मी त्यांना शपथ घातली." आईने डोळे पुसले. "आणि बघ, ज्याला भीत होते तेच झालं. तू मला आजी म्हणालीस."

टिंगूने आईचा धाकटा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

धाडकन दार उघडलं. टायवाले साहेब, घामाघूम! मागे काका अजून विचारतच होता, "पण मग प्रमुख टाय का घालत नाहीत?" त्याच्यामागे इंची. आणि सगळ्यांच्या मागे, हातात दोन डबे घेऊन, बाबा.

बाबांनी टिंगूला पाहिलं. डबे खाली ठेवले. आणि दारातच, सगळ्यांसमोर, तोंडावर हात घेऊन रडायला लागले. बाबा रडताना टिंगूने कधीच पाहिले नव्हते. आज नळही नव्हता आवाज झाकायला.

थोड्या वेळाने मोठ्या डॉक्टरबाई आल्या. इंचीने घाईघाईने सगळं सांगितलं. पट्टी, खुणा, बाही, अर्धा इंच. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"आमच्या बारा जणांनी ते निरोप तपासून पाठवले. कुणाला ती पट्टी दिसली नाही! शाबास! इतकी बारीक नजर मी मोठमोठ्या डॉक्टरांत पाहिली नाही."

"शाबासकी नको," टिंगू म्हणाली. "चार वाजू देऊ नका."

डॉक्टरबाई तिच्या शेजारी खाली बसल्या. "ते माझ्या हातात नाही गं. तिकडे हाडांवर जे उपचार होतात, ते इथे होत नाहीत. वर्षभर तरी लागेल. पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. आजपासून एकही खोटा निरोप नाही. रोज संध्याकाळी तुम्ही दोघी पडद्यावर समोरासमोर बोलायचं. आई जशी दिसेल तशी. काय साहेब?"

साहेबांनी मान हलवली. टाय त्यांनी केव्हाच सैल केला होता.

बाबांनी डबे उघडले. गरम सूप, मऊ भात. आईने सवयीने डाव हातात घेतला. "ये टिंगू. मी वाढते, तू..."

डाव तिच्या हातात डळमळला. सूप शालीवर सांडलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा सांडलं.

टिंगूने हळूच तिच्या हातातून डाव काढून घेतला.

"आज मी वाढते," ती म्हणाली.

"मग मी काय करू?" आईने विचारलं. अगदी लहान मुलीसारखं.

"तू वाढ."

आणि तिने आईच्या वाटीत एक डाव जास्तच घातला. आई 'नको, नको' म्हणत राहिली.

पावणेचार वाजता आई म्हणाली, "मला एकदा उभं राहायचंय. टिंगूबरोबर मोजायचंय."

"दहा सेकंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकही जास्त नाही."

बाबांनी एका बाजूने धरलं, डॉक्टरबाईंनी दुसऱ्या. आई उभी राहिली! टिंगू तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. इंची खुर्चीवर चढली आणि दोघींच्या डोक्यांवर पट्टी आडवी ठेवली. आई साठ. टिंगू साठ आणि पाव. आकडे तर सकाळपासून तिला पाठ होते.

पण पट्टी टिंगूच्या बाजूला कलत होती! इंचीने चमकून खाली पाहिलं. लांब फ्रॉकच्या आत टिंगूचे गुडघे वाकलेले होते. ओठ घट्ट मिटून, डोळे बंद करून ती तशीच उभी होती.

माप चुकीचं सांगायचं नाही, हे इंचीला अगदी लहानपणापासून शिकवलेलं होतं.

"काकू उंच!" ती ओरडली. "चांगल्या अर्ध्या इंचाने!"

"बघ!" आई धापा टाकत म्हणाली. "अजून तू टिंगूच आहेस!"

चार वाजता पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडली. टिंगू लाल टपालपेटीपाशी ताठ उभी राहिली, मागच्या काचेतून आईला नीट दिसावी म्हणून. गाडी वळली. पेटीवर डोकं टेकून ती किती वेळ उभी होती, ते कुणी मोजलं नाही.

मग तिघं दुकानात आली. मास्तर मशीनवरून उठले आणि टिंगूच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी."

"आजोबा," इंची कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीत होतं!"

"मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "वही बंद ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं."

"पण टिंगूने गुडघे का वाकवले?" काकाने विचारलं. "का?"

इंची सुईत दोरा ओवायला लागली. आणि गंमत म्हणजे, काकाने पुन्हा विचारलंही नाही. तो बटणांचा डबा घेऊन आला आणि टिंगूच्या शेजारी बसून निळी बटणं वेगळी करायला लागला.

मास्तरांनी मापवहीचं एक कोरं पान उघडलं. वर आईचं नाव लिहिलं. "कोट शिवायचाय ना? सांग. खांदा?"

"चौदा."

"बाही?"

"उजवी साडेएकवीस. डावी एकवीस."

"उंची?"

टिंगूने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं.

"ती जागा रिकामी ठेवा, मास्तर," ती म्हणाली. "आई अजून वाढायचीये."